नाव नवं, पत्ता नवा, परवाने जुने : एका निर्यातदार कंपनीचं प्रकरण

पुणे जिल्ह्यातल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं हे प्रकरण आहे. रासायनिक कारखान्यांना लागणारे, आतून पीएफए किंवा पीटीएफई या फ्लुओरोपॉलिमर प्लॅस्टिकचं अस्तर असलेले व्हॉल्व्ह ती बनवते. अशा निर्यातदारांच्या फाइलींमध्ये नेहमी दिसणाऱ्या अडचणी एकाच कंपनीच्या रूपात एकत्र मांडल्या आहेत. त्यामुळे कंपनीला इथे नाव नाही, पण कायदे, फॉर्म आणि मुदती खऱ्या आहेत.

कंपनीनं एका वर्षात दोन बदल केले. उत्पादनांची व्याप्ती वाढली म्हणून नाव बदललं. जागा अपुरी पडू लागली म्हणून नोंदणीकृत कार्यालय आणि कारखाना भोसरीहून चाकणला नेला. पॅन तेच, भागधारक तेच, संचालक तेच. व्यवस्थापनाच्या लेखी हे ‘फक्त लेटरहेड बदलण्याचं काम’ होतं.

त्या वेळी चालू असलेले कागद असे : आयईसी (आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक), एक स्कोमेट निर्यात परवाना (नागरी आणि लष्करी असा दुहेरी वापर होऊ शकणाऱ्या मालासाठीचा), दोन अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन (निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल शुल्कमुक्त आणण्याची परवानगी), सीएनसी मशिनवर घेतलेलं एक ईपीसीजी ऑथरायझेशन (ठरावीक निर्यात करण्याच्या बंधनावर मशिन शुल्कसवलतीत आणण्याची परवानगी), ईईपीसीची, म्हणजे इंजिनिअरिंग निर्यात प्रोत्साहन परिषदेची, आरसीएमसी (नोंदणी आणि सदस्यत्वाचं प्रमाणपत्र), बंदरावर नोंदवलेले एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँकेचे क्रमांक), कस्टमला दिलेले बाँड आणि परदेशी बँकांनी उघडलेल्या दोन एलसी (पैसे देण्याची बँकेची हमी, लेटर ऑफ क्रेडिट). यातला प्रत्येक कागद जुन्या नावावर आणि भोसरीच्या पत्त्यावर होता.

स्कोमेट इथे कुठून आलं?

साध्या व्हॉल्व्हला निर्यात परवाना लागत नाही. पण ज्या व्हॉल्व्हचा रसायनाला स्पर्श करणारा सगळा पृष्ठभाग फ्लुओरोपॉलिमरचा, काचेचा, टँटलमचा किंवा जास्त निकेल असलेल्या मिश्रधातूचा असतो, ते रासायनिक अस्त्रांच्या उत्पादनातही वापरता येतात. ठरावीक मापापुढचे असे व्हॉल्व्ह स्कोमेट यादीच्या ३डी गटात येतात. यादी आयटीसी-एचएस या आयात-निर्यात वर्गीकरणाच्या दुसऱ्या अनुसूचीच्या परिशिष्ट ३ मध्ये आहे. अर्ज स्थानिक प्रादेशिक कार्यालयात होत नाही. तो डीजीएफटीच्या, म्हणजे परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाच्या, दिल्ली मुख्यालयात जातो आणि आंतरमंत्रालयीन गट तो तपासतो. कोण निर्यात करतंय, कोणाला, कुठे आणि कशासाठी, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर परवाना उभा असतो. निर्यातदाराचं नाव आणि पत्ता हे त्यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर आहे. म्हणून इतर कागदांवर जे ‘दुरुस्ती’ म्हणून खपतं, ते इथे आपोआप खपत नाही.

नाव नेमकं कधी बदलतं

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३ प्रमाणे विशेष ठराव लागतो. नवं नाव आधी आरक्षित करायचं, ठराव झाल्यावर ३० दिवसांत एमजीटी-१४ हा फॉर्म भरायचा, मग आयएनसी-२४. कंपनी निबंधक नवं सर्टिफिकेट ऑफ इनकॉर्पोरेशन देतात त्या तारखेला नाव बदलतं. ठरावाच्या तारखेला नाही, अर्जाच्या तारखेलाही नाही.

या कंपनीला ते सर्टिफिकेट मे महिन्याच्या मध्यावर मिळालं. दुसऱ्याच दिवशी विक्री विभागानं नव्या नावाचे इन्व्हॉइस काढायला सुरुवात केली. कायद्यानं ते बरोबरच होतं, कारण जुन्या नावाची कंपनी आता रजिस्टरवर नव्हती. पण पॅन, जीएसटी, आयईसी, बँक आणि सगळी ऑथरायझेशन अजून जुन्या नावावर होती. ही मधली फट कोणीच मोजली नव्हती. पुढचा सगळा घोळ या फटीतच झाला.

फट पूर्णपणे टाळता येत नाही. कारण पॅनची दुरुस्ती नव्या सर्टिफिकेटशिवाय होत नाही, आणि बाकीचं सगळं पॅनमागून येतं. ती लहान करता येते आणि तिच्यावर पूल बांधता येतो. पूल कायद्यातच आहे. कलम १२(३) प्रमाणे नाव बदललेल्या कंपनीला पुढची दोन वर्षं नावाच्या पाटीवर, लेटरहेडवर आणि बिलांवर नव्या नावासोबत जुनं नावही छापावं लागतं. बहुतेक कंपन्या हे विसरतात, नाहीतर जुनी ओळख पुसायची असते म्हणून मुद्दाम टाळतात. निर्यातदारासाठी मात्र ‘पूर्वीचं नाव अमुक प्रायव्हेट लिमिटेड’ ही ओळ फार कामाची असते. बंदरावरचा अधिकारी, बँकेतला कागद तपासणारा आणि परदेशातला खरेदीदार या तिघांनाही ती एकाच वेळी उत्तर देते. या कंपनीच्या नव्या लेटरहेडवर ती नव्हती.

पॅन : तारखेची चूक

पॅनमधल्या बदलाचा अर्ज वेळेत गेला. त्यात एक चूक झाली, आणि ती इतक्या ठिकाणी दिसते की तिच्यावर थांबायला हवं. नव्या सर्टिफिकेटवर दोन तारखा असतात : ते सर्टिफिकेट दिल्याची आणि कंपनी मुळात स्थापन झाल्याची. अर्ज भरणाऱ्यानं ‘स्थापनेची तारीख’ या रकान्यात मे महिन्यातली तारीख टाकली. पॅन कार्ड नव्या नावानं आलं, आणि त्यावर कंपनीचं वय काही आठवड्यांचं झालं.

डीजीएफटीचं पोर्टल आयईसी बदलताना पॅन क्रमांक, नाव आणि स्थापनेची तारीख आयकर विभागाच्या नोंदीशी पडताळतं. आयईसीत मूळ तारीख, पॅनमध्ये नवी. पडताळणी फेल. नाव अगदी अक्षर-न्-अक्षर बरोबर असूनही अर्ज पुढे सरकेना, आणि संदेश एवढाच की तपशील जुळत नाहीत. चूक नावात शोधण्यात वेळ गेला. ‘प्रायव्हेट’ पूर्ण लिहिलंय की संक्षेप केलाय, दोन शब्दांत जागा आहे का, अँडचं चिन्ह आहे की शब्द, असं सगळं तपासून झालं. शेवटी पॅनची दुसरी दुरुस्ती करावी लागली आणि त्यामागे सगळी साखळी अडकून राहिली.

नाव बदललं तरी कंपनी तीच राहते, हे इथे नेमकं लक्षात ठेवायचं. स्थापनेची तारीख बदलत नाही, पॅन क्रमांक बदलत नाही, म्हणून पॅनवर आधारलेला आयईसी क्रमांकही बदलत नाही. भागीदारी संस्थेची कंपनी झाली किंवा कंपनीची एलएलपी झाली तर पॅनच नवं होतं. तिथे आयईसी नवी घ्यावी लागते आणि जुन्या ऑथरायझेशनचं काय करायचं हा वेगळाच मोठा प्रश्न उभा राहतो. त्या प्रकरणातले उपाय इथे लावू नयेत, आणि इथले तिथे.

बँक आणि आयईसीचं चक्र

आयईसीच्या बदलासाठी नव्या नावाचा छापील रद्द चेक किंवा बँकेचं प्रमाणपत्र लागतं. बँकेनं सांगितलं, ‘निर्यातदाराचं खातं आहे, आधी नव्या नावाची आयईसी आणा.’ डीजीएफटीचं पोर्टल म्हणतं, आधी बँकेचा पुरावा जोडा. हे चक्र बँकेच्या बाजूनं तोडायचं असतं. नवं सर्टिफिकेट ऑफ इनकॉर्पोरेशन, बदललेलं एमओए-एओए (कंपनीचं घटनापत्र आणि नियमावली), नवं पॅन आणि संचालक मंडळाचा ठराव एवढ्यावर खात्याचं नाव बदलता येतं. त्यासाठी आयईसी ही अट नाही. शाखा अडली तर बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागाशी बोलावं. आयईसी आणि पॅन यांचं नातं काउंटरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

खात्याच्या नावाचं दुसरं टोक आयसगेट या कस्टमच्या पोर्टलवर असतं. ड्रॉबॅक (निर्यातीनंतर परत मिळणारं शुल्क) आणि आयजीएसटी परताव्याचं खातं पीएफएमएस या सरकारी पैसे-वाटप प्रणालीकडून पडताळलेलं असतं. नाव बदलल्यावर ते पुन्हा पडताळलं गेलंय का हे प्रत्येक बंदरासाठी तपासावं. एका बंदरावर एडी कोड आणि खातं अद्ययावत केलं म्हणजे दुसऱ्यावरही झालं, असं धरून चालू नये.

‘नो चेंज’चं बटण

परराष्ट्र व्यापार धोरणाप्रमाणे प्रत्येक आयईसीधारकानं दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आपली माहिती अद्ययावत करायची असते. काही बदल नसेल तर तेही ऑनलाइन कळवायचं. न केल्यास आयईसी निष्क्रिय होते आणि शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला द्यायचं निर्यातीचं घोषणापत्र, भरता येत नाही. जून संपत आला, पॅनची दुरुस्ती अडकलेली होती. लेखा विभागातल्या कोणीतरी आयईसी बंद पडू नये म्हणून ‘बदल नाही’ असं कळवून टाकलं.

आयईसी चालू राहिली, हा त्यातला फायदा. पण मे महिन्यात नाव बदललेल्या कंपनीनं जूनमध्ये ‘काहीच बदललं नाही’ असं स्वतःच्या सहीनिशी जाहीर केलं होतं, आणि ते नोंदीत कायमचं बसलं. पुढे स्कोमेटच्या दुरुस्तीत हाच प्रश्न विचारला गेला. नाव अडकलं होतं तरी बदलता येण्यासारखी एक गोष्ट त्याच वेळी होती : चाकणचा पत्ता शाखा म्हणून जोडता आला असता. तो बदल नोंदवला असता तर ‘बदल नाही’ म्हणायची वेळच आली नसती, वार्षिक अद्ययावतीकरणही झालं असतं, आणि एप्रिल ते जूनमध्ये बदलाची फीही लागत नाही. नावाचा अर्ज जुलैत पुन्हा भरायचा, त्याला दोनशे रुपये फी. पैशांचा मुद्दाच नाही. चाकण आयईसीत वेळेवर आलं असतं, हे त्यातलं खरं नुकसान. ते पुढे महाग पडलं.

अडलेला कंटेनर

जुलैमध्ये स्कोमेट परवान्याखालचा माल बंदरावर गेला. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट नव्या नावावर. शिपिंग बिलावर निर्यातदाराचं नाव आयईसीवरून येतं, म्हणून जुनं. परवाना जुन्या नावाचा. शेवटच्या वापरकर्त्याच्या प्रमाणपत्रात, म्हणजे ईयूसीत, पुरवठादार म्हणून जुनं नाव. अधिकाऱ्यानं लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल चढवण्याची परवानगी, थांबवली आणि विचारलं : परवाना ज्याला दिलाय ती कंपनी आणि माल पाठवणारी कंपनी एकच आहे याचा पुरावा काय?

प्रश्न रास्त होता. स्कोमेटचा परवाना हस्तांतरित होत नाही, आणि कागद पाहता दोन कंपन्या दिसत होत्या.

दोन वाटा सुचवल्या गेल्या. पहिली वाट बाजारात सर्रास सांगितली जाते : इन्व्हॉइस जुन्या नावानं पुन्हा काढा, सगळं जुळेल, माल जाईल. ही वाट घेऊ नये. त्या तारखेला त्या नावाची कंपनी अस्तित्वात नव्हती. शिवाय ई-इन्व्हॉइसचा क्रमांक घेऊन झालेला इन्व्हॉइस नुसता फाडून टाकता येत नाही. नियंत्रित मालाच्या निर्यातीत कागदावर मुद्दाम चुकीचं नाव घालणं म्हणजे नावाच्या फरकाचं रूपांतर खोट्या जाहीरनाम्यात करणं. परराष्ट्र व्यापार कायद्याच्या कलम ११ खाली दंड किमान दहा हजार रुपये आणि मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जातो. रासायनिक अस्त्रांशी संबंधित मालाला २००५ चा सामूहिक संहार अस्त्रविषयक कायदाही लागू होतो.

दुसरी वाट हळू पण सरळ. माल सीएफएसमध्ये (बंदरालगतच्या कंटेनर गोदामात) ठेवून परवान्यातच दुरुस्ती घ्यायची. कंपनीनं शेवटी तीच घेतली. मुख्यालयाला दिलेल्या अर्जासोबत हे गेलं : नवं सर्टिफिकेट ऑफ इनकॉर्पोरेशन, भागधारक आणि संचालक बदललेले नाहीत असं कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणपत्र, दुरुस्त पॅन, जीएसटीचं सुधारित प्रमाणपत्र, अद्ययावत आयईसी, खरेदीदाराचं पत्र, की ऑर्डर त्याच कंपनीकडे आहे आणि वस्तू, प्रमाण, वापर यात बदल नाही, आणि परवान्याखाली आतापर्यंत काय गेलं, काय शिल्लक आहे याचा तक्ता. हा शेवटचा तक्ता कोणी मागत नाही, तरी द्यावा. परवान्यावरची शिल्लक किती याबद्दल शंका राहिली की फाइल परत येते.

भागधारक बदललेले नाहीत हे वाक्यही असंच. नाव बदलाच्या आड मालकी बदलली आहे का, ही तपासणाऱ्याची पहिली शंका असते. विचारायच्या आधी उत्तर दिलेलं बरं.

परवाना दुरुस्त झाल्यावर शिपिंग बिल कस्टम कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्त झालं. माल निघायच्या आधी दुरुस्ती झाली हे नशीब. माल गेल्यावर हीच दुरुस्ती मागितली, तर निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्या आधारेच ती मिळते. नंतर तयार केलेला कागद चालत नाही. सीएफएसचं भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकून राहिल्याचा आकार) कंपनीला सोसावं लागलं.

याच कंटेनरच्या निमित्तानं एक गोष्ट उघड झाली. परदेशातल्या कन्साइनीनंही (माल घेणाऱ्यानंही) दरम्यान आपलं गोदाम हलवलं होतं. विक्री विभागानं ई-मेल पाहून पॅकिंग लिस्टवर नवा पत्ता टाकून दिला होता. निर्यातदाराच्या नावाचा बदल हा ओळख पटवण्याचा प्रश्न आहे. मिळणाऱ्याच्या पत्त्याचा बदल वेगळा : माल कुठे उतरतोय हाच तर परवान्याचा गाभा. तो बदल कारकुनी समजून पुढे जाऊ नये. नवी ईयूसी घ्यावी, जागा कशी आणि कोणाची आहे हे पाहावं, आणि परवान्यात बदल मंजूर झाल्याशिवाय त्या पत्त्यावर माल पाठवू नये. या वेळी जुनं गोदाम अजून ताब्यात होतं म्हणून माल मूळ पत्त्यावरच गेला. पुढच्या खेपेसाठी वेगळा अर्ज केला.

पत्ता हाच अवघड भाग

नावाचे कागद एकदा रांगेत लागले की बदल यांत्रिक होत जातो, कारण डीजीएफटी, कस्टम आणि बँक यांची संगणकव्यवस्था क्रमांकावर चालते आणि क्रमांक तेच राहतात. पत्त्याचं तसं नाही. पत्त्याला अटी चिकटलेल्या असतात : आयात माल कुठे वापरायचा, मशिन कुठे उभं राहायचं, कोणत्या अधिकाऱ्याच्या हद्दीत.

भोसरी पिंपरी-चिंचवड महापालिकेत, चाकण तिच्या हद्दीबाहेर. राज्य तेच आणि कंपनी निबंधक तेच, पण स्थानिक हद्द ओलांडली म्हणून कंपनी कायद्याच्या कलम १२(५) प्रमाणे विशेष ठराव लागला आणि बदलानंतर ३० दिवसांत आयएनसी-२२. निबंधकाची हद्द बदलली असती तर प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागली असती. राज्य बदललं असतं तर जीएसटीची नवी नोंदणी, नवा जीएसटीआयएन, आणि शिपिंग बिल व विवरणपत्रातले जीएसटीआयएन न जुळल्यानं परताव्यात एसबी००३ ही चूक. या कंपनीला त्यातलं काही भोगावं लागलं नाही.

जीएसटीत बदलाचा अर्ज आरईजी-१४ मध्ये १५ दिवसांत करायचा असतो. कायदेशीर नाव आणि मुख्य व्यवसायस्थळ हे दोन्ही अधिकाऱ्याच्या मंजुरीचे बदल. त्याला १५ कामाचे दिवस असतात. त्यात काही हालचाल झाली नाही तर बदल झाला असं धरलं जातं. योग्य पद्धत अशी की नवी जागा आधी ‘अतिरिक्त व्यवसायस्थळ’ म्हणून जोडायची, माल आणि मशिन हलवायची, आणि सगळं स्थिरावल्यावर मुख्य आणि अतिरिक्त यांची अदलाबदल करायची. एकाच अर्जात भोसरी काढून चाकण घातलं की भोसरीत उरलेला माल कागदोपत्री नोंद नसलेल्या जागेत पडतो, आणि ई-वे बिलाचा ‘कुठून’ हा रकाना अडतो.

हीच पद्धत आयईसी आणि आरसीएमसीलाही लागू होते, आणि ईपीसीजीमुळे तिथे ती सक्तीचीच म्हणावी लागेल. ईपीसीजीखाली आणलेलं मशिन निर्यात बंधनाच्या काळात हलवता येतं, पण आयईसी आणि आरसीएमसी या दोन्हींत नोंदलेल्या युनिटमध्येच, आणि हलवल्यापासून सहा महिन्यांत नवं इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट प्रादेशिक कार्यालयात द्यावं लागतं. ते कस्टमकडून किंवा स्वतंत्र चार्टर्ड इंजिनिअरकडून घेता येतं.

कंपनीनं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्रेन लावून सीएनसी मशिन चाकणला नेलं. त्या दिवशी चाकण जीएसटीत होतं. आयईसीत नव्हतं, आरसीएमसीत नव्हतं. म्हणजे मशिन अशा जागी उभं राहिलं की जी डीजीएफटीच्या नोंदीत कंपनीची नव्हतीच. लेखा विभागाच्या मते पत्ता ‘अपडेट झाला’ होता, कारण जीएसटीचं नवं प्रमाणपत्र भिंतीवर लागलं होतं.

दुरुस्ती अशी केली : आयईसीत चाकण शाखा म्हणून लगेच जोडलं. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा होता, पण जागा संचालकाच्या नावावरची, म्हणून मालकाची ना-हरकत आणि त्याच्या नावाचं वीजबिल जोडलं. मग आरसीएमसी. नाव किंवा पत्ता बदलल्यास एका महिन्यात निर्यात प्रोत्साहन परिषदेला कळवणं बंधनकारक आहे. उशीर झाला होता. तो माफ करण्याचा अधिकार नोंदणी करणाऱ्या संस्थेला असतो, म्हणून कारण देऊन विनंती केली. शेवटी चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट, ज्यात मशिनचा सीरियल नंबर, मूळ बिल ऑफ एंट्रीचा (आयातीच्या कस्टम कागदाचा) क्रमांक, जुनी जागा, नवी जागा आणि हलवल्याची तारीख होती. तारीख खरी लिहिली. ती आयईसीतल्या नोंदीच्या आधीची दिसते म्हणून पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण क्रेनचं बिल आणि ई-वे बिल खरी तारीख सांगतच असतात. मधल्या काळाचा खुलासा सोबतच्या पत्रात दिला.

अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनचा मुद्दा कच्च्या मालाचा होता. शुल्कमुक्त आणलेलं पीएफए रेझिन भोसरीच्या गोदामात होतं. या मालावर प्रत्यक्ष वापरकर्त्याची अट असते, आणि निर्यात बंधन पूर्ण झाल्यावरही तो हस्तांतरित करता येत नाही. तो ऑथरायझेशनवर नोंद असलेल्या कारखान्यात वापरला पाहिजे. म्हणून दोन्ही ऑथरायझेशनवर चाकणचं युनिट चढवून घेतलं आणि त्यानंतरच रेझिन हललं. हे मात्र क्रमानं झालं, कारण तोवर मशिनचा धडा मिळाला होता. हलवण्याच्या दिवशीचा साठा ऑथरायझेशननिहाय मोजून दोन्ही ठिकाणच्या रजिस्टरमध्ये घेतला. आयातीची मुदत १२ महिने, निर्यात बंधनाची १८. पत्त्याच्या दुरुस्तीनं त्या मुदती वाढत नाहीत, हेही उत्पादन विभागाला लेखी कळवावं लागलं. तिथे उलटा समज होता.

एलसी

दोन्ही एलसी जुन्या नावावर आणि भोसरीच्या पत्त्यावर. पत्त्याची काळजी करायची गरज नव्हती. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या कलम १४(जे) प्रमाणे लाभार्थीचा पत्ता कागदांवर एलसीसारखाच असावा लागत नाही, देश तोच असला की पुरे. नावाला ही सवलत नाही. जुन्या नावाच्या एलसीखाली नव्या नावाचा इन्व्हॉइस म्हणजे सरळ डिस्क्रेपन्सी, एलसीशी विसंगती. एका एलसीत खरेदीदारानं दुरुस्ती लगेच करून दिली. दुसऱ्याच्या बँकेनं वेळ लावला, आणि तिथे ‘पूर्वीचं नाव’ ही ओळ तोवर लेटरहेडवर आली होती म्हणून स्वीकृतीवर कागद सुटले. तरीही ओळ म्हणजे दुरुस्ती नव्हे. वेळ असेल तर दुरुस्तीच घ्यावी.

ईसीजीसीची (निर्यात पतविम्याची) पॉलिसी आणि सागरी विमा यांवर नावाचं एन्डॉर्समेंट घेतलं. त्यात विशेष काही नव्हतं. संस्थेच्या नावाचं डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) मात्र नवं काढावं लागलं. जुन्या नावाची सही नव्या नावाच्या अर्जावर दिसणं बरं नव्हे.

क्रम असा असायला हवा होता

सर्टिफिकेट हातात येण्याच्या आधीच पुढचे अर्ज भरून तयार ठेवायचे. जीएसटी, आयईसी आणि आरसीएमसीत नवी जागा शाखा म्हणून नावबदलाच्या आधी जोडून टाकायची; तिला नव्या नावाची वाट पाहायची गरज नाही. मग सर्टिफिकेट, त्याच दिवशी पॅन आणि टॅनचा अर्ज, मूळ स्थापनेच्या तारखेसह. नवं पॅन नोंदीत दिसू लागलं की बँक आणि जीएसटी एकदम. बँकेचा पुरावा आला की आयईसी. आयईसीनंतर आरसीएमसी आणि स्कोमेटची दुरुस्ती एकाच दिवशी, कारण दिल्लीच्या फाइलीला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यामागून अ‍ॅडव्हान्स आणि ईपीसीजी. आयसगेट, एडी कोड आणि बाँड सगळ्यात शेवटी, बंदरनिहाय.

आणि मधल्या काळात स्कोमेटचा माल पाठवायचाच नाही. बाकीचा पाठवता येतो, दोन्ही नावं छापून आणि सर्टिफिकेटची प्रत सीएचएकडे, म्हणजे कस्टम एजंटकडे, देऊन. नियंत्रित मालाच्या ऑर्डरी या काळाच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलणं हा विक्री विभागाला न आवडणारा, पण सगळ्यात स्वस्त उपाय आहे. नाव बदलाची तारीख ठरवताना आधी निर्यातीचं वेळापत्रक समोर घ्यावं ते यासाठी.

बंधनमुक्तीच्या फाइलीत

काही वर्षांनी ईपीसीजीसाठी एएनएफ-५बी आणि अ‍ॅडव्हान्ससाठी एएनएफ-४एफ हे बंधनमुक्तीचे फॉर्म भरताना दोन नावांची शिपिंग बिलं, दोन नावांच्या ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याची बँक प्रमाणपत्रं) आणि दोन पत्त्यांचे कागद एकत्र येतील. त्या वेळी आजची माणसं नोकरीत असतीलच असं नाही. म्हणून कंपनीनं एका फाइलीत सगळं लावून ठेवलं : जुनं आणि नवं सर्टिफिकेट, आयएनसी-२२ ची पावती, पॅनच्या दोन्ही दुरुस्त्या, आयईसीचा बदलाचा इतिहास, प्रत्येक ऑथरायझेशनची अमेंडमेंट शीट, स्कोमेटचा पत्रव्यवहार, इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट, खुलाशाचं पत्र. वर एक पानाचा तक्ता, ज्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या कागदावर कोणतं नाव आणि कोणता पत्ता लागला ते लिहिलं आहे. मे ते सप्टेंबरमधली शिपिंग बिलं त्यात वेगळ्या रंगानं खूण केलेली आहेत, कारण क्वेरी आली तर तिथूनच येईल. फाइलीची एक प्रत सीएचएकडे आणि एक कंपनी सेक्रेटरीकडे आहे. लेटरहेडवरची जुन्या नावाची ओळ कोणत्या तारखेला काढायची, तेही त्याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आहे.